वहिनींच्या फ्रीजचं कुलूप

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींइतकी कंजूष बाई अख्ख्या भाईंदर पश्चिमेत सापडायची नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. आमच्या सोसायटीत फ्रीज म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. कुणाची सुरमई कुणाकडे, कुणाचं श्रीखंड कुणाकडे. विचारायची पद्धतच नाही. वहिनींच्या फ्रीजला मात्र कुलूप. सत्यनारायणाच्या दिवशी माझी बायको दुधाचं पातेलं घेऊन वर गेली, तर दारातूनच उत्तर मिळालं, "दुधाला दुसरं घर बघ गं." विक्षिप्तपणा तेवढ्यावर थांबेल तर शपथ. ऐन मे महिन्यात आम्ही पंख्याखाली उकडून निघत असताना या बाई एखाद्या संध्याकाळी गोधडी पांघरून कुडकुडत बसायच्या आणि सकाळी रिक्षावाल्याशी हुज्जत घालायच्या, "भैया, मार्केट तो इधरीच है." इधरीच आहे तर चालत का जात नाहीत, असं मी विचारलं की म्हणायच्या, "आळस हो, भाऊजी."

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फ्रीज बंद पडला आणि भरदुपारी त्या टॉवेलात गुंडाळलेला डबा घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "तुमच्याकडे ठेवता? फ्रीझरमध्ये नको हां, गोठलं की फुकट जातं." डब्यात इंजेक्शनं होती. मी हादरलोच.

"मल्टिपल स्क्लेरोसिस," भाजीचा भाव सांगावा तशा त्या म्हणाल्या. "अंगातली राखणदार फौज चुकून आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडते. मग कधी पाय ऐकत नाही, कधी डोळ्यांपुढे धूसर होतं. हे इंटरफेरॉन त्या फौजेला जरा शांत करतं. बरं नाही करत, पण दुखणं वरचेवर उसळत नाही. टोचलं की थंडी-ताप भरतो, सकाळपर्यंत उतरतो."

"आणि कुलूप?" बायकोने विचारलं.

"गणपतीत कुणीतरी मोदकांना जागा करायला डबा फ्रीझरमध्ये सारला. सगळा गेला. नवीन येईपर्यंत रोज उठल्यावर आधी पाय हलवून बघायचे."

कुणाचे मोदक, ते त्यांनी सांगितलं नाही. मला मात्र जेवण गेलं नाही. माझ्या डोक्यावरच राहणारी बाई एकटीने एवढं सोसत होती आणि मी तिच्या तापाला तऱ्हा म्हणत होतो.

फ्रीज दुरुस्त झाला. कुलूप पुन्हा लागलं, पण दुसरी किल्ली त्या आमच्याकडे ठेवून गेल्या. "पाय रुसले, तर कुणीतरी उघडायला हवं ना," एवढंच म्हणाल्या. हल्ली सकाळी वरून त्यांच्या चपलांचा आवाज येतो, त्यातली एक जरा घासत चालते. तो आवाज येईपर्यंत मी चहाचा कप हातात धरून नुसता बसून असतो.