गाडीत कोण बसलंय

सरांनी फळ्यावर बैलगाडी काढली. चित्र झकास जमलं होतं, ते नाकारत नाही. नववीचा वर्ग, मराठीचा तास, विषय अलंकार. सर म्हणाले, उपमा झाली, रूपक झालं, आता रूपक लांबवायचं कसं ते बघा. आपलं गाव म्हणजे एक बैलगाडी. एकदा असं म्हटलं की गाडीच्या प्रत्येक भागाच्या जागी गावातलं कुणीतरी बसवायचं. सगळ्या अंगांसह येतं, म्हणून त्याला सांगरूपक म्हणायचं.

मग त्यांनी एकेकाला उभं केलं. माझे वडील ज्यांच्याकडं सालगडी होते, त्या मालकाचा मुलगा पहिल्या बाकावर बसायचा. तो धुरकरी झाला, म्हणजे गाडी हाकणारा. शेतकऱ्यांची पोरं चाकं झाली. सुताराचा मुलगा आरे, लोहाराची मुलगी चाकावरची लोखंडी धाव. वर्ग खूश होता. आपल्या वाट्याला काय येतंय म्हणून जो तो माना उंचावून बघत होता, मीसुद्धा. मी बौद्धवाड्यातली, शेवटच्या बाकावर. माझ्यापर्यंत येईस्तोवर गाडीचे भाग संपले. सरांनी फळ्याकडं पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले,

"तू वंगण. दिसत न्हाय, हाताला लागलं तर काळं व्हतं. पण त्याच्याबिगर गाडी चालत न्हाय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. त्यामुळं मला राग यायला हवा होता की आनंद व्हायला हवा होता, तेच कळेना. मी खाली बसले आणि वहीत लिहून घेतलं: वंगण म्हणजे आम्ही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीनं माझ्याकडून पट्टी घेतली आणि बोटं स्कर्टला पुसली. चेष्टाच. मग सगळ्यांनाच तो खेळ सापडला. माझ्या हातचा खडू घेतला की बोटं पुसायची, हापशावर माझ्यानंतर दांडा धरला की बोटं पुसायची. आधी जे करायला थोडी तरी लाज वाटत होती, त्याला आता अलंकाराचं नाव मिळालं होतं. दहावी संपेपर्यंत मला शाळेत वंगण म्हणत.

पण त्या पहिल्या संध्याकाळी मी घरी हे फुशारकीनं सांगितलं. वडील भाकरी खात होते. आमच्याशिवाय गाव चालत नाही असं सर म्हणाले, असं मी सांगितलं. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. चाक कोण, आरे कोण, धाव कोण. मग घास हातात तसाच धरून म्हणाले,

"समदी गाडीचं सामान झाली. मग गाडीत बसलंय कोण?"

मी वही उघडून बघितली. सरांनी सांगितलंच नव्हतं.

"आन धुरकरी त्यो मालकाचा पोरगा? त्येला कासरा तरी धरता येतो का? गाडी म्या हाकतो, बाय. वंगण बी म्याच घालतो."

त्यांच्या नखांत ते वंगण होतंच. रोज बघत होते मी, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं की मालकाची गाडी माझे वडील हाकतात. सरांनाही ठाऊक होतं, पाऊस झाल्यावर चिखलातून त्याच गाडीत बसून ते शाळेत येत. आणि फळ्यावर चित्र काढताना नेमका हाकणाराच बदलला. मला आजही वाटतं, सरांनी ते ठरवून केलं नसेल. त्याचीच मला जास्त भीती वाटते. हात आपोआप तिकडं गेला.

तेव्हापासून कुणी असं काही सजवून बोलायला लागलं की माझे कान टवकारले जातात. उपमा एक वेळ परवडते. वंगणासारखी म्हटलं असतं तर मला म्हणता आलं असतं, सारखी असेन, पण ते नव्हे. रूपकात तेवढीही फट नसते. तू वंगणच. आणि ते लांबवलं की मग गाडीबाहेर उभं राहायला जागाच उरत नाही. गाव म्हणजे कुटुंब असं कुणी म्हटलं की मी बघते, या कुटुंबात शेवटी कोण जेवतं. शाळा म्हणजे मंदिर म्हटलं की बघते, पायरीवर कुणाला थांबवलंय. लोक म्हणतात, म्याडम लई संशयी आहेत. आहे. संशयानं मला बरंच वाचवलं.

मी मराठीची शिक्षिका झाले. कळंबजवळच्या एका संस्थेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागले. तीन वर्षं पुरी झाली की कायम करतात, पण ठराव संस्थेच्या कार्यकारिणीनं करायचा असतो. माझी तीन वर्षं यंदा संपली. आणि त्या कार्यकारिणीवर आता आमचे तेच सर आहेत, निवृत्त होऊन.

गुणगौरवाचा कार्यक्रम होता. आभार नेहमी सर्वांत नव्या शिक्षकाकडं देतात, म्हणून माझ्याकडं होते. सर भाषणाला उठले. संस्था म्हणजे बैलगाडी, अशी सुरुवात झाली. अध्यक्ष धुरकरी, शिक्षक चाकं, पालक आरे. मग त्यांनी माझ्याकडं हात केला. हसून, मायेनं म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. हिला म्या नववीत वंगण म्हणलो व्हतो. आज बघा, आमचं वंगण म्याडम झालं."

टाळ्या पडल्या. खाली माझा नववीचा वर्ग बसला होता. त्यातल्या एका पोरानं शेजाऱ्याच्या शर्टाला बोटं पुसली. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आभाराचा कागद हातात होता. मी तो घडी करून ठेवला. माइक हातात घेतला.

"सरांनी मला सांगरूपक शिकवलं, त्यांचे आभार. पण ते अर्धं राहिलं होतं. आमच्या गावात गाडी माझे वडील हाकायचे, सरांनी धुरकरी चुकीचा दाखवला. आणि गाडीत कोण बसलं होतं, ते दाखवलंच नाही."

एवढं बोलून मी व्यासपीठावरच्या खुर्च्यांकडं हात केला. मग माइक जागेवर ठेवून खाली उतरले. टाळी एकही नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, सर लेकीवानी मानतात तुम्हाला, दिलगिरीच्या दोन ओळी लिहून द्या, ठरावाचं मी बघतो. मी विचारलं, सर त्यांच्या लेकीला चारचौघांत वंगण म्हणाले असते का? ते चष्मा पुसत बसले. मग त्यांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला आणि सोमवारपर्यंत द्या म्हणाले.

तो कागद मी घेऊन आले. वर्गात गेले, सांगरूपकाचाच धडा होता. फळ्यावर गाडी काढली, सरांच्याइतकी छान जमली नाही. एकाही पोराला उभं केलं नाही. फक्त गाडीखाली प्रश्न लिहिला: यात कोण बसलंय, आणि हे चित्र कुणी काढलंय? पोरं लिहायला लागली.

आज रविवार आहे. कागद समोर आहे. घर माझ्या पगारावर चालतं, वडिलांच्यानं आता काम होत नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. उद्या हा कागद मी कोराच परत देणार. कायम करायचं तर माणूस म्हणून करा. काढायचं तर माणूस म्हणून काढा. वंगण म्हणून मी या गाडीला लागणार नाही.