कुंदनची दोन पानं

कुंदन बोळे माझा विद्यार्थी. अकोल्याच्या जुन्या शहरातलं माळ्याचं घर. वडील पंजाबराव मोर्णा नदीच्या काठी पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावत. वर्गात उत्तर येत असलं तरी कुंदन हात वर करायचा नाही. विचारलं की मात्र बिनचूक सांगायचा. हाच स्वभाव घेऊन तो अमरावतीच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत सिस्टम अ‍ॅडमिन झाला.

ही कंपनी डायलिसिस केंद्रांसाठी प्रोग्राम करते. कोणत्या रुग्णाची पाळी कधी, कोणत्या मशीनवर, ते त्यात ठरतं. वरच्या मजल्यावर प्रोग्राम लिहिणारी मुलंमुली बसत. ते प्रोग्राम ज्या सर्व्हरवर चालतात, तो तळमजल्यावर कुंदन आणि विपुल सांभाळत. नवं काही केलं की वरच्यांचं कौतुक होई. काही बंद पडलं की खालच्यांची आठवण होई.

"पेरून मोकळे होतात हे, तण निंदाले आमी," विपुल जिन्यात मोठ्यानं म्हणायचा.

"तुमचा सर्व्हर सासू हाये," वरून उत्तर यायचं. "नवं काहीच चालत नाई तिले."

बोलणं म्हणावं तर एवढंच. कामाचं सगळं ई-मेलवर.

गेल्या फेब्रुवारीत वरच्या मजल्यावरच्या प्रतीक्षानं एक सुधारणा केली आणि शनिवारी ती सर्व्हरवर चढवली. त्या सुधारणेमुळे सोमवारची पाळ्यांची यादी दोन दिवस तात्पुरत्या फायलींच्या जागी राहणार होती. ती जागा कुंदन दर रविवारी पुसून साफ करतो, हे तिला माहीत नव्हतं. तीन वर्षं तो पुसत होता. कोणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. यादी कुठे ठेवली, हे तिनंही खाली कळवलं नाही.

सोमवारी अकोल्याच्या केंद्रात पडद्यावर यादीच नव्हती. जो आधी आला त्याला मशीन मिळालं. पातूरकडच्या एका खेड्यातून एसटीनं आलेल्या मैनाबाईंना 'उद्या या' म्हणून परत पाठवलं. संध्याकाळी त्यांना धाप लागली. चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. वाचल्या.

कंपनीचे मालक उत्तमराव माणूस वाईट नाहीत. पण केंद्राचे डॉक्टर रोज फोन करून विचारत, चूक कोणाची? उत्तमरावांनी अहवाल कुंदनवर सोपवला. "मले एक नाव दे. त्या पोरीचंच असंन तं तिले काढून टाकतो, विषय संपला." तिचं नाव घालणं सोपं होतं. खोटंही ठरलं नसतं.

कुंदन दोन दिवस काही लिहू शकला नाही. तिसऱ्या दिवशी जिना चढून वर गेला. प्रतीक्षाला म्हणाला, "अकोल्याले चालता का मॅडम? काय झालं ते तिथं जाऊन पाहू."

एसटीत दोघं शेजारी बसले, बोलले नाहीत. केंद्रात मैनाबाईंची पाळी चालू होती. तिथं चार तास पडून राहायचं असतं. त्यांनी या दोघांना बराच वेळ न्याहाळलं.

"नवराबायको हाये काय वं?"

"नाई आजी, एका ऑफिसातले," प्रतीक्षा म्हणाली.

"मंग भांडले काहून? कवाची पाहून राहिली, एक इकडे तोंड करून, एक तिकडे."

नर्स हसली. प्रतीक्षाला मात्र रडू आलं. त्या दिवशीची यादी आपल्यामुळे गेली, असं तिनं मैनाबाईंना सांगून टाकलं. कुंदन म्हणाला, "पुसली मी, आजी."

मैनाबाईंनी दोघांना माफ वगैरे केलं नाही. "मी गेली असती तं?" एवढंच विचारलं, आणि डोळे मिटून घेतले.

परतीच्या एसटीत कुंदन बोलला. रविवारी सर्व्हरवर काय काय होतं, ते सगळं त्यानं सांगितलं. प्रतीक्षानं शनिवारच्या सुधारणेची एकेक ओळ समजावली. मूर्तिजापूर आलं तरी दोघं त्यातच होते.

अहवालाची दोन पानं झाली. शनिवार सकाळ ते सोमवार सकाळ, कोणाला काय माहीत होतं आणि कोणाला नव्हतं, तेवढंच त्यात होतं. शेवटी त्यानं लिहिलं होतं: 'रविवारच्या सफाईची कल्पना मी वरच्या मजल्याला कधीही दिली नाही.'

"मी नाव मागतलं, तू गोष्ट लिहून आणली," उत्तमराव म्हणाले. पण शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. डॉक्टरांना सांगायला नाव सापडलं होतं.

प्रतीक्षाची नोकरी राहिली. खालच्या विभागाचं प्रमुखपद एप्रिलपासून कुंदनला मिळणार होतं; ते विपुलला मिळालं.

मध्यंतरी कुंदन घरी येऊन गेला तेव्हा मी विचारलं, वाईट वाटलं का रे?

"वाटते न बाई. विपुलले मीच शिकवलं," तो म्हणाला.

प्रतीक्षा आता काही नवं चढवण्याच्या आदल्या दिवशी लॅपटॉप घेऊन तळमजल्यावर येते. काय बदललं ते वाचून दाखवते. सर्व्हरवर त्याचं काय होईल ते कुंदन सांगतो, न विचारता. विपुल पहिल्यांदा कुरकुरला, मग त्यानं तिच्यासाठी टेबलाचा एक कोपरा रिकामा केला. उत्तमरावांनी या बैठकीला परवानगी दिलेली नाही. नाही असंही म्हटलेलं नाही.