जिला मी महाकाली म्हणत आलो

हे लिहायचं मी चाळीस वर्षं टाळलं. सांगायचं मात्र टाळलं नाही, आणि तोच माझा अपराध आहे. आमच्या भजन मंडळात दर चैत्रात मला उभं करतात, "गुरुजी, तुमचा अनुभव सांगा" म्हणतात, आणि मी सांगतो. पायी चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला निघालो होतो, तापाने जंगलात पडलो, एक मुलगी आली, तिने पाणी पाजलं, औषध दिलं आणि पुन्हा ती कुणाला दिसली नाही. बायका डोळ्यांना पदर लावतात, पुरुष हात जोडतात. यंदा समोर आठवी-नववीतली एक पोर बसली होती. तिने विचारलं, "आबाजी, तिचं नाव नाई पुसलं तुमी?" लोकांनी तिला गप्प केलं. मला नाव पुसायची गरजच नव्हती. माझ्या शाळेच्या पटावर ते मीच लिहिलं होतं आणि मीच खोडलं होतं.

तिचं नाव शालू. मूल या तालुक्याच्या गावापुढे, जंगलाच्या कडेला आमचं गाव. मी तिथल्या हायस्कुलाचा मुख्याध्यापक. शालू नववीत होती, बौद्ध मजुराची पोर, वर्गात बोट वर करून उलट प्रश्न विचारणारी. त्या माघात तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा दिवाणजी गावात मुक्कामाला आला होता. शाळेच्या हातपंपावर त्याने तिचा हात धरला. तिने भरलेली बादली त्याच्या कपाळावर घातली. मी ऑफिसच्या खिडकीतून सगळं पाहिलं. हे "सगळं पाहिलं" लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

संध्याकाळी शाळेतच बैठक बसली. ठेकेदार शाळा समितीवर होता, छपराचे टिन त्यानेच दिलेले. पोरगी वाया गेली आहे, बाकीच्या पोरी बिघडतील, असं ठरलं. त्यातल्या प्रत्येकाला दिवाणजी कसा आहे हे ठाऊक होतं. ते आपल्या सुनांना त्याच्या वाटेला फिरकू देत नसत. मी काय पाहिलं ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. सकाळी शाळा सोडल्याचा दाखला लिहिला. वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं, "समाधानकारक नाही."

तिचा बाप दाखला न्यायला आला. त्याला अक्षरओळख नव्हती. "वाचून दाखवा, गुरुजी," म्हणाला. मी वाचला. नाव, जन्मतारीख, इयत्ता सगळं वाचलं, तो रकाना सोडून. शालू त्याच्या मागे उभी होती. ती म्हणाली, "एक ओळ राह्यली, गुरुजी." मी कागदाची घडी करून तिच्या बापाच्या हातात दिली.

गावात आरोग्य उपकेंद्राची नर्सबाई होती, बल्लारपूरहून बदलून आलेली विधवा. ज्यांची शाळा सुटली अशा पोरी तिने गोळा करायला सुरुवात केली. एकीचं चौदाव्या वर्षी लग्न ठरवत होते, एकीला ठेकेदाराच्या तळावर स्वयंपाकाला पाठवणार होते. शालू तिसरी. पुढे पाच झाल्या. दुपारी उपकेंद्राच्या ओसरीवर ती त्यांना तापाच्या रोग्याचं रक्त काचेवर कसं घ्यायचं, वयाप्रमाणे गोळ्या किती द्यायच्या ते शिकवी. स्वतःच्या सायकलवर एकेकीला बसवून शिवारात फिरवी. आणखी एक शिकवी, जे आम्ही शाळेत कधी शिकवलं नाही: कुणी अंगाला हात लावला तर त्याचं नाव चौकात मोठ्याने घ्यायचं, बापाच्या नावासकट. गाव हसायचं. "नर्सबाईचं लष्कर निघालं." मीही हसलो. आज त्या हसण्याचा मला जेवढा राग येतो तेवढा दिवाणजीचाही येत नाही. तो तर तसाच होता. मी शिकलेला होतो.

पुढच्या वर्षी चैत्रात मंडळाबरोबर पायी निघालो. अंगात कणकण होती, पण नवस केलेला. पहिल्याच दिवशी भर उन्हात हुडहुडी भरली. "तुम्ही व्हा पुढे, मी येतो" म्हणालो आणि मंडळी पुढे गेली. एका मोहाच्या झाडाखाली बसलो तो उठता येईना. जीभ टाळ्याला चिकटली. "आई, तुझ्याकडेच येत होतो," एवढंच मनात आलं. मग सायकलची घंटी ऐकू आली.

शालू पलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे वाडीवरून, तापाच्या काचा घेऊन परत येत होती. तिने मला ओळखलं. मीही तिला. वाटलं, आता ही निघून जाईल. मी तिच्या जागी असतो तर गेलो असतो. ती सायकल झाडाला टेकवून बसली, घोटघोट पाणी पाजलं. "बोट द्या, गुरुजी. डावं." टोचलं, काचेवर थेंब घेतला, गोळ्या हातावर ठेवल्या. "गिळा. कडू हाय."

"शालू ना तू?" मी विचारलं.

"हो. वर्तणूक खराब असलेली," ती म्हणाली, आणि ओला रुमाल माझ्या कपाळावर ठेवून बैलगाडी आणायला गेली. मूलच्या दवाखान्यात मला पोचवूनच ती परतली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर मेंदूत ताप चढला असता.

मंडळी भेटायला आली. कोण होती ती, म्हणून विचारलं. मी म्हणालो, "एक मुलगी होती." ते म्हणाले, "गुरुजी, मायच आली म्हणा की." मी मान हलवली. किती सोपं होतं ते. माणसाची माफी मागावी लागते. तिला देवी केलं की नुसतं हात जोडून भागतं.

पंधरा दिवसांनी नर्सबाई तिला घेऊन माझ्या ऑफिसात आली. "गुरुजी, पोरीले चंद्रपूरच्या शाळेत घालून राह्यली मी. तो शेरा पाहून घेत नाई ते. नवा दाखला द्या."

"रजिस्टरातली नोंद बदलता येत नाही, बाई."

"तुमीच लिवली ना? मंग तुमच्याच हातानं काऊन नाई बदलत?"

मी समोरचे कागद नीट लावू लागलो. तेव्हा शालू बोलली, अगदी हळू. "गावात सांगून राह्यले म्हणते तुमी, का देवी आली होती. आमच्या घरी देवी नाई, गुरुजी. मले देवी नोका करू. वर्तणूक चांगली, एवढं लिवून द्या."

"जूनमध्ये शाळा उघडली की पाहू," मी म्हणालो.

नर्सबाई उठली. "चल वं. गुरुजींचा ताप उतरला वाटते."

जून आला, गेला. त्या एका ओळीपायी शालूची दोन वर्षं वाया गेली. नर्सबाईने पुढे तिला बाहेरून दहावीला बसवलं, नर्सिंगला पाठवलं. त्यात माझा हात नाही. असलाच तर आडवा आलेला.

महाकालीने मला वाचवलं यावर माझा आजही विश्वास आहे, आणि त्या कृपेबद्दल मी रोज हात जोडतो. पण तिने कुणाला पाठवलं होतं ते मी लपवलं. दर वर्षी देवळात आडवा पडून मी त्याला शरणागती म्हणत आलो. मूर्तीपुढे आडवं पडायला काय लागतं? ती "एक ओळ राह्यली" म्हणत नाही. मला शरण जायचं होतं ते एका पंधरा वर्षांच्या पोरीला, आणि तेवढं वाकणं मला जमलं नाही.

एकदा गेलो होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, शालू दूर जंगलात मुलचेरा गावाच्या बाजूला नर्स होती. खिशात नवा दाखला होता, सहीशिक्क्यासह. उपकेंद्राच्या ओसरीवर सात-आठ पोरी चटईवर बसल्या होत्या, गोंडांच्या आणि बंगाली निर्वासितांच्या वस्तीतल्या. एक माणूस त्यातल्या एकीला ओढून न्यायला आला होता, म्हणे लग्न ठरलं आहे. शालू त्याच्यासमोर वही घेऊन उभी राहिली. "पोरगी पंधराची हाय, भाऊ. तुमचं नाव सांगा. पूर्ण, बापाच्या नावासकट. लिवून ठेवते मी." तो माणूस थोडा वेळ बडबडला आणि पोरीला तिथेच सोडून गेला. चटईवरच्या पोरी त्याच्या पाठीकडे पाहत होत्या.

मग ती माझ्याकडे वळली. "तुमचं काय, बाबा?" ओळखलं होतं की नाही, कुणास ठाऊक. वही अजून उघडीच होती. मी म्हणालो, "खोकला." तिने बाटलीत औषध दिलं, दिवसातून तीनदा घ्यायला सांगितलं, आणि मी ते घेऊन मोटारस्टँडवर आलो. तिच्याकडे जाताना वाटभर पाठ केलेलं, आणि न बोललेलं, एवढंच होतं: "शालूबाई, तो शेरा खोटा होता, आणि लिहिताना मला ते माहीत होतं. मला माफ करा."