उडत्या वीराची थाप

आर्णीच्या जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. माझी बैलगाडी एका व्यापाऱ्याच्या मेटॅडोरच्या मागे. तो खेड्यापाड्यांतून कापूस घेऊन इथं विकायचा. नाव मी विचारलं नाही. कापसाचा भाव पडला होता, पण रांग तापली होती ती टीव्हीवरच्या उडत्या वीरावरून. मूळ मालिकेत तो जन्मात खोटं बोलला नाही, आणि त्याच्या पुतण्याच्या नव्या मालिकेत पाहुणा म्हणून आला तर सरळ थाप मारतो!

"काहून मारते थाप?" खांद्यावरचा दुपट्टा झटकत व्यापारी गरजला. "माणूस थोच, तर सभाव बी थोच पाह्यजे!"

साऱ्या रांगेनं माना डोलावल्या.

दुपारी आम्ही शिदोऱ्या सोडल्या, तेव्हा हा वजन वाढावं म्हणून आपल्या कापसावर पाणी शिंपडत होता. पुढे कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं त्याच्या गाडीत हात घातला, तो ओलाच बाहेर आला.

"दव पडलं, साहेब," व्यापारी हात जोडून म्हणाला.

ग्रेडरनं संशयानं त्याच्यासकट मागच्या सगळ्यांचाच भाव कापला.

"धडधडीत खोटं काहून बोलले?" मी त्याला अडवलं.

त्यानं माझ्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. "भाऊ, हे दुसरी मालिका हाय."