एका अंगाला झिजलेलं उखळ

मला बुडालेल्या नगरींचं भारी वेड. समुद्राखालचे खांब, पाण्यात गेलेल्या राजधान्या, असलं काही मोबाईलवर दिसलं की माझी भाजी करपलीच म्हणून समजा. मागच्या उन्हाळ्यात असाच एक व्हिडिओ आला. जायकवाडीचा फुगवटा ओसरल्यावर उघडे पडलेले दगडी पाये, आणि मधोमध एक गोल खळगा. हे हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांचं यज्ञकुंड, असं एक पोरगा छातीठोकपणे सांगत होता. मी मोठ्या कौतुकानं तो सासूबाईंना दाखवला.

त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, हे तर आपलं जुनं गाव, आणि तो खळगा म्हणजे कुणाचं तरी उखळ. धरणाचं पाणी यायच्या आधी लोकांनी दारं, वासे, पत्रे सगळं सोबत आणलं. जमिनीत पुरलेली उखळं तेवढी मागं राहिली. त्या तेव्हा नव्या नवरी होत्या.

मला हसू फुटलं, पण त्या हसल्या नाहीत. पाणी पुन्हा चढायच्या आत त्यांना तिथं जायचं होतं. माझ्या आजेसासूबाईंचा एकही फोटो घरात नाही. आईविना वाढलेल्या सासूबाईंना त्यांनी पोटच्या लेकीसारखं सांभाळलं, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेय. आजेसासूबाई डावखुऱ्या होत्या, म्हणून आपलं उखळ एका अंगाला जास्त झिजलेलं, असं सासूबाई सांगत होत्या. त्याला एकदा हात लावायला मिळावा, एवढंच त्यांचं म्हणणं.

सासूबाईंचे गुडघे कुरकुरत होते, तरी आम्ही राहतो त्या तिसगावहून जीप करून गेलो. भेगाळलेल्या गाळात सगळे पाये सारखेच दिसत होते. सासूबाई प्रत्येक उखळापाशी बसायच्या, आत हात फिरवायच्या आणि उठायच्या. ऊन चढलं तसं मी परत फिरू म्हणाले. त्यांनी काही ऐकलं नाही. मग एका उखळातला गाळ त्या बोटांनी खरवडून काढत राहिल्या, आणि तिथंच मांडी घालून रडू लागल्या.

थोड्या वेळानं त्यांनी माझं मनगट धरलं. "तू बी हात लाव," त्या म्हणाल्या. "सुनंला कसं वागवायचं, ते मी हितं शिकले."

मला त्यांनी केलेलं माझं बाळंतपण आठवलं, माझ्या नोकरीसाठी त्या अख्ख्या घराशी भांडल्या होत्या ते आठवलं. ज्या आजेसासूबाईंना मी कधी पाहिलंही नव्हतं, त्यांचं हे सगळं देणं होतं. मी उखळात हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.