श्रीकांतच्या पीसीवरून येणारा रिपोर्ट

श्रीकांत सोमवारी सकाळी गेला. वारज्याहून कामावर येताना त्याच्या स्कूटरला ट्रकने धडक दिली. मंगळवारी सकाळी सात वाजता त्याचा रिपोर्ट आला.

आम्ही दोघे एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. शहरातल्या एका रक्तपेढीचं काम आमच्याकडे होतं. रक्ताच्या पिशव्यांची नोंद डेटाबेसमध्ये होत असे. त्यातून हवी ती माहिती काढून रोज सकाळी मेलने पाठवणारं रिपोर्टिंग सॉफ्टवेअर आम्ही तिथे बसवत होतो. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात. कोणत्या पिशव्यांची मुदत आज संपते आहे ते रिपोर्टात दिसे. पेढीच्या प्रमुख बापट मॅडम तो पाहून रुग्णालयांना फोन करत आणि पिशव्या वेळेत कुणाच्या तरी उपयोगी पडत. रिपोर्टाची एक प्रत मलाही येई.

बुधवारी रिपोर्ट आला. गुरुवारी आला. पाठवणाऱ्याच्या जागी श्रीकांतचं नाव असे. मी मेल उघडत असे, आकडे पाहत असे आणि बंद करत असे. दर शनिवारी दुपारी आम्ही बुधवार पेठेत जायचो. तो केबल आणि सुटे भाग पाही, मी जुनी पुस्तकं. त्या शनिवारी मी घरी थांबलो. रविवारीही सातला मेल आली.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी मेल आली नाही. नऊच्या सुमारास बापट मॅडमचा फोन आला.

"अहो पेंडसे, आज रिपोर्ट नाही. आम्ही हाताने पिशव्या शोधतोय."

मी पेढीत पोचलो तेव्हा त्या कपाटापाशी उभ्या होत्या. "दोन राहून गेल्या," त्या म्हणाल्या. "मुदत दहालाच संपली. सातला कळलं असतं तर दिल्या असत्या. कुणीतरी हात पुढे करून दिलेलं असतं ते."

मी सर्व्हरकडे गेलो. सर्व्हर चालू होता. नेटवर्क ठीक होतं. डेटाबेस उत्तर देत होता. मग रिपोर्टिंग सॉफ्टवेअर उघडलं. ते नुसतं बसवलेलं होतं. त्यात एकही रिपोर्ट नव्हता.

"मग इतके दिवस येत कुठून होता?" मॅडमनी विचारलं.

श्रीकांत पेढीत ज्या टेबलावर बसून काम करी ते रिकामं होतं. त्याचा पीसी पेढीच्या लोकांनी आदल्या दिवशी स्टोअरमध्ये नेला होता, आमच्या कंपनीची वस्तू कंपनीला परत द्यायची म्हणून. तेव्हा माझ्या लक्षात आलं. रिपोर्ट त्याने आधी आपल्या पीसीवर करून पाहिला होता. सर्व्हरवर हलवायचं काम राहिलं होतं. तो घरी जाताना स्क्रीन लॉक करी, मशीन बंद करत नसे. ते मशीन त्याच्या लॉगिनवर तसंच चालत राहिलं होतं.

मी कंपनीत आमच्या साहेबांना फोन केला.

"पीसी परत लावा," ते म्हणाले. "पासवर्ड बदलून घ्या. चालतंय ना? चालू द्या."

"साहेब, तो पुन्हा कुणीतरी बंद करेल."

"वर चिठ्ठी चिकटवा."

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. मी फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "आणि सर्व्हर काय दसऱ्याला झेंडूची माळ घालायला घेतलाय?"

पीसी लावला. पेढीच्या सिस्टिमवाल्याने पासवर्ड बदलून दिला. मी रिपोर्टाची फाइल घेतली, सर्व्हरवर टाकली, डेटाबेसशी जोडणी केली आणि रिपोर्ट हाताने चालवला. चालला. मग दहा मिनिटांनंतरची वेळ लावून दिली. मेल आली नाही. लॉगमध्ये ओळ होती: डेटा सोर्स नेम नॉट फाउंड.

डेटा सोर्स नेम, म्हणजे डीएसएन, ही डेटाबेसच्या पत्त्याची चिठ्ठी. डेटाबेस कुठे आहे आणि कोणत्या ड्रायव्हरने, म्हणजे जोडणी करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, गाठायचा, ते तिच्यात असतं. मी नावाचं स्पेलिंग तपासलं. ड्रायव्हर पुन्हा टाकला. हाताने चालवलं की रिपोर्ट येई, वेळ लावली की तीच ओळ. दुपार झाली. मॅडमनी चहा पाठवला आणि थोड्या वेळाने स्वतः आल्या.

"मला रोज त्यांच्या नावाची मेल यायची," त्या म्हणाल्या. "ते गेल्याचं मला माहीत होतं. कशी येते, हे विचारायला हवं होतं."

"मलाही यायची."

"तुम्ही का नाही विचारलंत?"

विचारलं असतं तर ती मेल थांबली असती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्या गेल्यावर मी डीएसएनची खिडकी पुन्हा उघडली. तिच्यात दोन कप्पे असतात, युजर आणि सिस्टिम. युजरमध्ये केलेली चिठ्ठी फक्त ती करणाऱ्याला दिसते. ठरल्या वेळी रिपोर्ट चालवणारी सर्व्हिस मात्र स्वतंत्र खात्यावर चालते, तिला माझी चिठ्ठी दिसत नव्हती. श्रीकांतचीही युजरमध्येच होती. पण त्याच्या पीसीवर सगळं त्याच्याच लॉगिनवर चाले, म्हणून ते कधी अडलं नाही.

मी सिस्टिममध्ये नवा डीएसएन केला. लॉग आउट केलं. मॅडमच्या टेबलाशी येऊन बसलो. ठरल्या वेळी मेल आली. पाठवणाऱ्याच्या जागी रक्तपेढीचं नाव होतं. मॅडमनी यादी वाचली आणि फोन उचलला.

या कामातून मी एकच गोष्ट शिकलो. रिपोर्ट येतो आहे, एवढ्याने काम झालं असं समजू नये. तो कोणत्या मशीनवरून येतो ते विचारावं. विचारणं जड जात असेल तर आधी विचारावं.

पुढे ते सॉफ्टवेअर दोनदा बदललं. सर्व्हरही बदलला. यादी काढणारी क्वेरी श्रीकांतने लिहिलेलीच आहे. ती रोज सकाळी सातला चालते.