वहिनी आणि बेसिनचा दगड

दादाचा फोन आला तेव्हा मी पिंपळगाव बसवंतला, बँकेच्या शाखेत, माझ्या टेबलाशी बसले होते. बाहेर रस्त्यावर द्राक्षांच्या टेम्पोंची रांग लागली होती आणि सगळे एकदम हॉर्न वाजवत होते. त्या गोंगाटात त्याचं पहिलं वाक्य मला ऐकूच आलं नाही. "काय म्हणालास?" असं मी जरा ओरडूनच विचारलं, आणि त्या बिचाऱ्याला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "वासंती गेली गं." आज सात आठवडे झाले. वहिनी जाणार हे आम्हाला कळून चुकलं होतं, त्याची तयारी म्हणतात तशी काहीतरी मनाने केलीही होती. पण दादाला ते वाक्य मी दोनदा म्हणायला लावलं, हे मात्र अजून घशाखाली उतरत नाही.

वासंतीवहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. नांदगावकडची शेतकऱ्याची मुलगी, आणि शिकलेली काय, तर भूगर्भशास्त्र! पुढे तिने नाशिकच्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं तोच विषय शिकवला. शेजारणी आईला विचारायच्या, "सून काय शिकवते हो?" आई थोडा विचार करून सांगायची, "दगड." वहिनीला ते इतकं आवडायचं की नवीन माणसाशी ओळख करून देताना ती स्वतःच म्हणायची, "मी दगड शिकवते." तिच्या पर्समध्ये कंगवा, रुमाल यांच्याबरोबर एक भिंग आणि एक छोटा चाकू कायम असायचा. ती कुणाच्याही घरी गेली की हात धुवायला म्हणून आत जाई आणि लवकर परत येत नसे. बेसिन ज्या दगडात बसवलंय त्यावरून ती हात फिरवत राहायची, कडेला वाकून बघायची, भिंग लावायची. मनासारखा दगड निघाला की तिची नांदगावची भाषा बाहेर यायची. "मीनू, ये इकडं, हात लावून बघ. लय भारी हाय हा!" मी हात लावायचे. मला गार लागायचं, एवढंच.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट आठवते. आम्ही सगळे विंचूरला, माझ्या होणाऱ्या सासरी गेलो होतो. सासऱ्यांनी नुकतंच घर नीट करून घेतलं होतं आणि ते मोठ्या हौसेने सांगत होते, "बेसिनला काळं ग्रॅनाइट बसवलंय, एक नंबर." वहिनी हात धुवायला गेली ती पंधरा मिनिटं आलीच नाही. आईचा जीव खालीवर होत होता. शेवटी ती आली, शांतपणे बसली, चहा प्यायली, "छान आहे हो घर," म्हणाली. परतताना गाडी निफाडच्या पुढे आल्यावर मला हळूच म्हणाली, "कडप्पा आहे तो. ग्रॅनाइट नाही. चुनखडीचाच भाऊ, लिंबू सांडलं तरी डाग पडेल. पण पुसून कोरडा कसा ठेवलाय बघितलंस? ज्या घरात बेसिन कोरडं असतं ना, तिथे सुनेला पाणी भरायला लावत नाहीत." आम्ही दोघी इतक्या हसलो की दादाने मागे वळून बघितलं.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी आम्ही नाशिकमध्ये इंदिरानगरला स्वतःचं घर घेतलं. बाथरूममधला बेसिनचा दगड मी स्वतः निवडला. पांढराशुभ्र, त्यात धुरासारख्या करड्या रेषा. यांच्या मित्राने ते सगळं काम केलं होतं आणि त्याने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "वहिनी, व्हाइट ग्रॅनाइट आहे. काहीही टाका, काही होणार नाही." वास्तुशांतीला घर माणसांनी भरलेलं. जेवणाच्या पंगती चालू असताना वहिनी बाथरूममधून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मीनू, हे ग्रॅनाइट नाही गं. मार्बल आहे. ग्रॅनाइटमध्ये दाणे दिसतात, अशा वाहत्या रेषा नसतात. आणि मी खालच्या बाजूला चाकूची कड लावून बघितली, लगेच ओरखडा उठला. ॲसिडचं काही लावू नकोस हं याला." यांचा मित्र तिथेच वाढत होता. त्याचा चेहरा पडला. आणि माझ्या नव्या घराच्या नव्या दगडावर हिने चाकू चालवला, एवढंच माझ्या डोक्यात गेलं. मी म्हणाले, "तुमचं कॉलेज तुम्ही कॉलेजातच ठेवा. इथे परीक्षा घेऊ नका."

अकराव्या वर्षापासून मी तिला अगं-तुगं करत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला 'तुम्ही' म्हणाले. ती पानावर बसली, जेवली, जाताना माझ्या हातावर नारळ ठेवला... आणि त्यानंतर जवळजवळ सव्वा वर्ष आम्ही एकमेकींशी बोललो नाही. दादा यायचा, सणासुदीला फराळाचा डबा द्यायचा. डब्यात तिच्या हातच्या करंज्या असायच्या. मी डबा धुऊन, त्यात आमचे लाडू भरून परत पाठवायचे. निरोप मात्र कुणीच कुणाला पाठवत नव्हतं.

त्या काळातच एका रविवारी मी नळाभोवतीचा पिवळा डाग काढायला म्हणून संडास साफ करायचं औषध त्या दगडावर ओतलं. फस्स करून फेस आला. मी घाबरून पाणी मारलं, पण पाणी ओसरल्यावर दिसलं की जिथे जिथे ते औषध पसरलं होतं तिथली चकाकी गेली होती. आरशासारख्या दगडावर खडूने फासल्यासारखे पांढुरके, आंधळे चट्टे. मी पुसलं, घासलं, खोबरेल लावलं. तेलाने वर आणखी एक काळसर डाग पडला. शेवटी मी त्यावर एक मोठा स्टीलचा ट्रे ठेवला आणि त्यात साबण, ब्रश, तेलाची बाटली मांडून टाकली. कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर एकीलाच होतं, आणि तिच्याशी तर मी बोलत नव्हते.

मग यांना अपघात झाला. द्वारका चौकाजवळ स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून घरी आणलं त्याच दुपारी बेल वाजली. दारात वहिनी, हातात कपड्यांची बॅग. "तू बँकेत जा," एवढंच म्हणाली आणि आत येऊन पदर खोचला. बारा दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर बाथरूममधून घासल्याचा आवाज येत होता. दार उघडं होतं. ट्रे खाली काढून ठेवलेला, आणि वहिनी स्टुलावर बसून पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने तो दगड गोल गोल घासत होती. शेजारी वाटीत दगडाच्या पॉलिशची पांढरी पावडर. तेलाच्या डागावर खायच्या सोड्याचा ओला लेप थापून त्यावर प्लास्टिक चिकटवलेलं. मी दारातच उभी राहिले. तिने वळून बघितलं, पण 'कशाने झालं' हे विचारलं नाही.

"बस इथे," म्हणाली. माझं बोट धरून तिने दगडावर ठेवलं. "हे इथे खरखरीत लागतंय? आणि हे इथे नाही. जिथे खरखर आहे तिथेच घासायचं, हात जड करायचा नाही. दगड मऊ असतो गं, आपल्याला वाटतं तितका कठीण नसतो. रोज साध्या साबणाच्या पाण्याने पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. एवढंच मागतो तो."

मला रडू कोसळलं. मी तिला विचारलं, जे सव्वा वर्ष मनात होतं तेच. "विंचूरला तू गप्प बसलीस. माझ्या सासऱ्यांचा मान राखलास. मग माझ्याच घरी, सगळ्यांसमोर का बोललीस?"

तिने पेपर बाजूला ठेवला. हात पुसले. "ते लोक परके होते," ती म्हणाली. "तू माझी होतीस. आपल्या माणसाजवळ जीभ आवरायची असते, हे मला सुचलंच नाही. चुकलं माझं, मीनू." चूक कुणाची होती हे मला ठाऊक होतं. पण माझ्याआधी ती म्हणून मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी तिने लेप काढला, दगडाला शेवटचा हात मारला आणि त्यात तिचा चेहरा दिसायला लागला तेव्हा "जमलं बाई!" म्हणून टाळी वाजवली.

त्यानंतर आम्हा दोघींना एक खेळच लागला. मी कुठेही गेले, लग्नाच्या हॉलमध्ये, डॉक्टरांकडे, कुणाच्या नव्या फ्लॅटवर, की बेसिनच्या दगडाचा फोटो काढून तिला पाठवायचे. ती उलट प्रश्न विचारायची. दाणे दिसतात की रेषा? पाण्याचा थेंब ठेव, दहा मिनिटांनी दगड काळपटतो का? हळूहळू मला ग्रॅनाइट ओळखता यायला लागलं. आमच्याच पायाखालचा काळा पाषाण घासून चकचकीत केला की कसा दिसतो, तेही कळलं.

दोन वर्षांपूर्वी तिचं दुखणं निघालं. औषधांनी केस गेले, चव गेली, पण तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पाचव्या की सहाव्या केमोनंतर तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. ब्लाउजची बटणं लागेनात, पोळी तव्यावरून उचलता येईना. दिवाळीच्या आधी दादा तिला आमच्याकडे घेऊन आला. तीच आमची शेवटची निवांत भेट. मी धरून तिला बेसिनपाशी नेलं. तिने हात धुतले आणि सवयीने दगडावर बोटं फिरवली. एकदा, दोनदा. मग थांबली. "काही कळत नाही गं," म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज कातर झाला. क्षणभराने तिने दोन्ही हात कडेला टेकवले, हळूच वाकली आणि आपला गाल त्या दगडावर ठेवला. डोळे मिटून तशीच राहिली. "हां..." ती म्हणाली. "कळलं आता. छान ठेवलायस, मीनू."

तेराव्याला सगळे पाहुणे गेल्यावर दादा माझ्याजवळ येऊन बसला. आमचा दादा हिशेबी, कमी बोलणारा; बायकोच्या दगडांच्या नादाला तो आयुष्यभर हसत आला. "जायच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात मला म्हणाली," त्याने सांगितलं, "खोलीबाहेरच्या बेसिनचा दगड कसला आहे, बघून ये ना. मी म्हटलं, तुला आता हेच सुचतंय का? झोप जरा. नाही गेलो मी. ती गेल्यावर मात्र तीनदा जाऊन बघून आलो. काळा होता, एवढंच कळलं मला. इतकी वर्षं संसार केला तिच्याबरोबर, आणि... काळा होता." मी त्याचा हात धरून बसून राहिले.

मागच्या रविवारी बँकेतल्या एका मैत्रिणीच्या नव्या घरी जेवायला गेले होते. हात धुवायला आत गेले तर बेसिनला हिरवट काळा दगड, आत चांदीच्या कणांसारखं काहीतरी चमकणारं. असा मी कधी पाहिला नव्हता. काय करतेय हे कळायच्या आत मी फोटो काढला आणि वहिनीच्या नंबरवर पाठवून दिला. पाठवल्यावर वर तिचा शेवटचा मेसेज दिसला, 'उद्या येताना मोसंबी आण,' आणि मी तिथेच नळ चालू ठेवून उभी राहिले. फोटोखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या. पलीकडे कुणीतरी काहीतरी लिहीत होतं, थांबत होतं, पुन्हा लिहीत होतं. तिचा फोन दादाकडे आहे हे मला आठवायला जरा वेळ लागला.

मग उत्तर आलं. 'मला यातलं काही कळत नाही, तुला माहितीच आहे. पण फोटो पाठवत जा.'